प्रश्न तोच, वेळ निराळा

आमच्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत आणि सातबारा, शिष्यवृत्ती वा निकाल यांसाठी पालकांनाही संगणकापुढे बसावेच लागते. एकच माहिती प्रथम मागितली असता पुष्कळ वेळ लागतो. लगेच पुन्हा मागितली असता ती क्षणात येते. असे का होते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

गावच्या चावडीत सातबाराचा उतारा मागितला, की कपाटातून रुमालात बांधलेले दप्तर काढावे लागे. लगोलग दुसऱ्याने तोच गट विचारला, तर दप्तर समोर उघडेच असे. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तरी न्याय तोच राहिला. संगणकाचे कपाट म्हणजे डिस्क आणि टेबल म्हणजे रॅम. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर नोंद गाठण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. रॅममध्ये सुमारे एक कोटीवा. हा फरक लाखपटीचा आहे.

म्हणून डेटाबेस एकदा वाचलेली पाने रॅममध्ये ठेवून देतो. मात्र टेबल लहान असते. पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये पान 8 किलोबाइटचे असते आणि अशा पानांसाठी मुळात 128 मेगाबाइट जागा राखलेली असते. ती वाढवता येते. नवी पाने आली, की जुनी हटतात आणि तोच प्रश्न पुन्हा रेंगाळतो.

याखेरीज त्याच वेळी इतरांची कामे चालू असतात. कोणी तीच नोंद बदलत असेल, तर दुसऱ्या बदलणाऱ्याला थांबावे लागते. माहिती वाढली, की शोधाचा मार्गही डेटाबेस कधी बदलतो. वाटेतील नेटवर्कचा विलंब निराळाच.

तेव्हा एकाच मोजणीवरून निर्णय देणे अन्यायाचे ठरते. त्या निर्णयावर नव्या यंत्राचा खर्च होतो, किंवा निर्दोष सहकाऱ्यास बोल लागतो. पहिली वेळ वेगळी नोंदवावी, नंतर अनेकदा मोजून मधला आकडा घ्यावा आणि सर्वांत संथ वेळही विसरू नये. कारण अर्जाच्या शेवटच्या दिवशी आपल्या मुलामुलींच्या वाट्याला नेमकी तीच येते. त्या दिवशी बटण वारंवार दाबल्याने गर्दी आणखी वाढते. अर्ज चार दिवस आधी भरावा, हेच उत्तम.