विश्लेषण : वयाबरोबर झिजणारे स्नायू पुन्हा बळकट होऊ शकतात?

जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. बसची पायरी उंच वाटू लागते. भाजीची पिशवी दोनदा खाली ठेवावी लागते. घरातील मंडळी ‘आता वय झाले’ म्हणून विषय संपवतात. पण स्नायूंची ही झीज अटळच आहे का, या प्रश्नावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ हेलन ब्लाउ अनेक वर्षे संशोधन करत आहेत.

सार्कोपेनिया म्हणजे काय?

वाढत्या वयात स्नायूंचे आकारमान आणि ताकद कमी होणे म्हणजे सार्कोपेनिया. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द रूढ केला. अमेरिकेत २०१६ मध्ये या विकाराला आजारांच्या यादीत स्वतंत्र संकेतांक मिळाला. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटतात; ताकद त्याहून वेगाने कमी होते. खरा धोका आहे तो पडण्याचा. खुब्याचे हाड मोडले की अनेक ज्येष्ठ कायमचे परावलंबी होतात.

ब्लाउ यांच्या संशोधनाची सुरुवात कशी झाली?

एकदा त्वचेची पेशी झाली की ती कायम त्वचेचीच राहणार, असे पूर्वी मानले जात असे. १९८० च्या दशकात ब्लाउ यांनी उंदराच्या स्नायूपेशींशी माणसाच्या इतर पेशींचा संयोग घडवला. तेव्हा माणसाच्या पेशींतील झोपलेली स्नायूंची जनुके जागी झाली. पेशीची ओळख दगडावरची रेघ नाही, हे त्यातून दिसले. मग पेशींचे म्हातारपण तरी मागे फिरवता येईल का, हा पुढचा प्रश्न होता.

२०२१ च्या प्रयोगात काय आढळले?

शरीरात ‘प्रोस्टाग्लँडिन ई-२’ नावाचे रसायन असते. दुखापतीनंतर स्नायूंतील मूळ पेशींना दुरुस्तीला लावण्याचे काम ते करते. त्याचे विघटन ‘१५-पीजीडीएच’ हे विकर करते. म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंत हे विकर वाढलेले असते, त्यामुळे उपयुक्त रसायन कमी पडते, असे ब्लाउ यांच्या गटाला आढळले.

संशोधकांनी सुमारे दोन वर्षांच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने वृद्ध, उंदरांना महिनाभर हे विकर रोखणारे औषध दिले. त्यांचे स्नायू भरले, ताकद वाढली आणि ते अधिक वेळ धावू लागले. उलट, तरुण उंदरांच्या स्नायूंत तेच विकर वाढवले, तेव्हा महिन्याभरात त्यांचे स्नायू रोडावले. त्यामुळे हे विकर झिजेचा केवळ साक्षीदार नसून कारणही आहे, या निष्कर्षाला बळ मिळाले. हे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग गोळी कधी मिळणार?

घाई करण्यासारखी स्थिती नाही. उंदरांवर गुणकारी ठरलेली अनेक औषधे माणसांत अपयशी ठरली आहेत. शिवाय हेच रसायन वेदना आणि दाह यांतही भाग घेते, त्यामुळे दीर्घकाळ वापरातील सुरक्षितता तपासावी लागेल. माणसांवरील चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यात आहेत.

तोपर्यंत उपाय काय?

उपाय आहे आणि तो माणसांवर पारखलेला आहे. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये बोस्टनमधील वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त ज्येष्ठांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबताच मात्र ती पुन्हा घटू लागली. म्हणजे सातत्य हवेच.

चालणे हृदयासाठी चांगले, पण स्नायूंना भार लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे ही सोपी सुरुवात आहे. आठवड्यातून किमान दोन दिवस असे व्यायाम करावेत. सोबत डाळी, दूध, दही, अंडी किंवा मासळी यांतून पुरेसे प्रथिन घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. औषध येईल तेव्हा येईल. नव्वदीतील स्नायूही कामाला लावले की प्रतिसाद देतात, हे आज ठाऊक आहे.