आधी तोंड, मग पाय

बडोद्यात भरतनाट्यम आलं ते आंदणातून. 1880 साली तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांशी लग्न होऊन इथे आल्या आणि चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर नर्तकी, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, मृदंगवाले असा तंजावरचा अख्खा ताफा आला आणि संस्थानच्या कलावंत कारखान्यात दाखल झाला. गवई, वाजंत्री, नर्तकी या सगळ्यांचे पगार आणि हजेरी बघणारं हे खातं होतं. कारखाना म्हटल्यावर आज हसू येतं, पण ठरल्या तारखेला पगार मिळणाऱ्या कलावंताला ते हसण्यासारखं नसावं.

तंजावरहून आलेल्या या परंपरेत गौरा आणि कांतिमती या दोघींची जोडी पुढे गाजली. अलारिप्पू-वर्णमसारख्या भारदस्त रचनांसोबत त्या पतंग नृत्यही करत. उत्तरायणाला गच्चीवर जेवणारं हे शहर. त्याच्या दरबारात तंजावरच्या बायकांनी हवेत मांजा धरला यात नवल नाही. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ. आडनाव तंजोरकर. त्यांनी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकवलं आणि दरबारातली विद्या वर्गात आणली.

हे सगळं सांगायचं कारण हल्ली पालक हमखास विचारतात तो प्रश्न. मुलीला, किंवा चाळिशी उलटलेल्या स्वतःला, शास्त्रीय नृत्याची सुरुवात घरच्या घरी करता येईल का? बडोद्यापुरतं उत्तर द्यायचं तर इथे ते नृत्य मुळात घरातलंच होतं. आई नर्तकी, वडील नट्टुवनार. अशा घरातलं मूल नाचायला उभं राहण्याच्या कितीतरी आधी बोल ऐकत असतं. मात्र त्या घरात एक गोष्ट होती, जी आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नसते. लाकडी ठोकळा आणि त्यावर आपटायचं दांडकं, म्हणजे तट्टकळी, आणि ते हातात धरून बसलेला, तुमच्याकडे रोखून बघणारा माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की घरी पुष्कळ शिकता येतं, फक्त ते दांडकं कुठून आणायचं ते आधी ठरवावं. आणि सुरुवात पायांपासून करू नये.

मग कुठून करावी? तोंडापासून. भरतनाट्यमचे बोल म्हणजे सोल्लुकट्टू, कथकमध्ये बोल म्हणायच्या क्रियेला पढंत म्हणतात. दोन्हीकडे हाताने ताल धरून बोल मोठ्याने म्हणायचे असतात, आणि नवशिके नेमका हाच भाग गाळतात. व्हिडिओ लावला की पाय आधी हलतात. पण तोंडात न बसलेला बोल पायात बसत नाही.

आदिताल घ्या, आठ मात्रांचा. मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. या चार झाल्या. मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. आठ पूर्ण, म्हणजे एक आवर्तन. हे स्वयंपाकाच्या ओट्याशी, बसस्टॉपवर, कुठेही जमतं. हात न चुकता फिरू लागला की त्यावर ‘तकधिमि’ म्हणा, एका मात्रेला एक अक्षर. आवर्तनात दोनदा बसेल. मग एका मात्रेत दोन अक्षरं, मग चार. हे तीन काल. हात तोच, त्याच गतीचा. फक्त जीभ दुप्पट, चौपट धावते. बहुतेकांचा हात इथे जिभेमागे पळू लागतो, म्हणून घड्याळाच्या टिकटिकीवर किंवा मेट्रोनोमवर करावं.

यानंतरचा सराव मला सगळ्यांत आवडतो. त्याच आठ मात्रांवर ‘तकिट’ म्हणायचं, पुन्हा मात्रेला एक अक्षर. तीनचा बोल आणि आठचा ताल, म्हणजे पहिल्या आवर्तनाच्या शेवटी बोल अर्धवट लोंबकळतो, दुसऱ्याच्या शेवटीही, आणि तिसरं आवर्तन संपताना चोवीस अक्षरांवर दोघं एकत्र येऊन पुढच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, भेटतात. ती भेट न मोजता आधीच जाणवू लागली की समजा, कान तयार व्हायला लागला. तीनचा तकिट, चारचा तकधिमि, पाचचा तकतकिट, सातचा तकिटतकधिमि, नऊचा तकधिमितकतकिट. या पाच जातींवर पुढचा सगळा हिशेब उभा आहे. कथकच्या विद्यार्थ्याने तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरून तत्कार म्हणावा: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, मोबाइलवर लावावा. या सगळ्याला गुरू लागत नाही असं नाही, पण इथे चुकलात तर गुडघा दुखत नाही.

गुडघा दुखतो अरमंडीत. भरतनाट्यमची ही मूळ बैठक: पावलं बाहेर वळवलेली, गुडघे दोन्ही बाजूंना उघडलेले, पाठ ताठ, शरीर अर्धं खाली. फोटोत ती सुंदर दिसते, आणि नवशिका त्या फोटोची नक्कल पावलांपासून करतो. पावलं शक्य तितकी आडवी लावतो आणि मग वाकतो. चूक इथेच. हा उघडेपणा यायला हवा खुब्याच्या सांध्यातून. खुबा जितका वळतो तितकाच गुडघा आणि पाऊल वळलं पाहिजे. पाऊल त्याहून जास्त वळवलं की मधल्या गुडघ्याला पीळ बसतो, आणि गुडघा हा मुख्यतः दुमडायचा सांधा आहे, पिळायचा नाही. घरी तपासायला सोपं आहे. अरमंडीत खाली बघा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत आहे का? गुडघे आत पडत असतील, तळव्याची कमान जमिनीला टेकत असेल, तर पावलांचा कोन कमी करा. कमी कोनाची खरी अरमंडी जास्त कोनाच्या खोट्या अरमंडीपेक्षा कधीही बरी, आणि कोन महिन्यांनी आपोआप वाढतो.

दुसरी तपासणी भिंतीची. भिंतीला पाठ लावून उभं राहा आणि तसंच घसरत खाली या. बसण्याचा भाग आणि खांद्यांची पाती भिंतीलाच राहिली पाहिजेत. जिथे पाठ भिंत सोडते तिथे आज तुमची अरमंडी संपली, तेवढीच खोल बसा. आदितालाचं एक आवर्तन तिथे थांबा, वर या, पुन्हा. सुरुवातीला मांड्या थरथरतात, ते ठीक. गुडघ्याच्या वाटीपाशी किंवा आतल्या बाजूला टोचलं, तर मात्र थांबायचं; सवय होईल म्हणून रेटायचं नाही. आधीच गुडघेदुखी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. कथकमध्ये पाय सरळ ठेवून उभं राहायचं असतं, त्यामुळे मोठ्या वयात घरी सुरू करणाऱ्याला ते जरा सोपं जातं; चकरा येईपर्यंत, अर्थात.

त्यात आपल्या घरांची जमीन. काँक्रीटवर चिकटवलेली टाइल लवत नाही. पायाचा प्रत्येक फटका नडगीत परत येतो, आणि उत्साहात पहिल्याच आठवड्यात तास-तास पाय आपटणाऱ्याची नडगी दुखते ती यामुळेच. जुन्या नर्तकी दगडी फरशीवर नाचल्या असं कोणी सांगेल. नाचल्या असतील. दरबारी नोंदींत पगार असतो, गुडघे नसतात. जाड सतरंजी न घसरेल अशी अंथरावी. योगासनांची रबरी चटई घेऊ नये. पाऊल तिला चिकटतं, शरीर वळतं आणि मधला गुडघा पिळतो. मोजे अजिबात नकोत.

एवढं झाल्यावर अडवू, म्हणजे नृत्याच्या मूळ हालचाली. त्यातला पहिला तट्टडवू, म्हणजे आघाताचा अडवू. ‘तै या तै’. उजवा पाय मागे उचलायचा आणि पूर्ण तळवा एकदम जमिनीवर. आवाज एकच आला पाहिजे. टाच आणि चवडा असे दोन आवाज ऐकू आले तर पाऊल तिरकं पडतंय. ऐकून कळणारी ही चूक आहे, त्यासाठी आरसा लागत नाही. चेन्नईच्या कलाक्षेत्र या संस्थेच्या पद्धतीत असे आठ तट्टडवू आहेत, प्रत्येक तीन कालांत. इतर बाण्यांत, म्हणजे शैलींत, संख्या आणि क्रम बदलतो. म्हणून एका व्हिडिओतून पहिला आणि दुसऱ्यातून चौथा असं उचलू नये. एक बाणी धरावी.

बडोद्याच्या मुलांना यात एक फायदा असतो आणि एक तोटा, दोन्ही गरब्याचे. नवरात्रात हींचच्या सहा मात्रांवर टाळी देत वाढलेलं मूल तालात सहसा चुकत नाही. पण गरब्यात प्रत्येक टाळीला कंबरेतून पुढे झुकायची सवय लागलेली असते, आणि भरतनाट्यममध्ये धड ताठ ठेवून फक्त पाय बोलायचे असतात. अडवू करताना ही मुलं नकळत झुकतात. भिंतीचा सराव त्यांच्याकडून जरा जास्त करून घ्यावा.

हस्तमुद्रांबद्दल थोडक्यात, कारण त्या सोप्या वाटतात आणि बऱ्याच अंशी सोप्या आहेतही. ‘अभिनयदर्पण’ एका हाताच्या 28 मुद्रा सांगतं, ‘नाट्यशास्त्र’ 24. दोन ॲप वेगवेगळे आकडे दाखवतात तेव्हा कुणी चुकलेलं नसतं, ग्रंथ वेगळे असतात. नृत्याच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी ‘अभिनयदर्पण’ची यादी चालते. पताक लगेच जमतो, त्रिपताकाला मात्र घाम फुटतो, कारण त्यात एकटी अनामिका वाकवायची असते आणि तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी बांधलेले असतात. दुसऱ्या हाताने वाकवून धरावी, रोज. नाव मोठ्याने म्हणत मुद्रा करावी, आणि हात जाईल तिकडे नजर न्यावी. नजर समोरच्या पडद्याला चिकटून राहणं हा व्हिडिओवर शिकणाऱ्यांचा खास दोष.

पुस्तकांचं म्हणाल, तर बडोद्याइतका हक्क क्वचितच कुणाला सांगता येईल. अभिनवगुप्ताच्या टीकेसह ‘नाट्यशास्त्रा’चा पहिला खंड 1926 साली इथूनच, गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये, रामकृष्ण कवी यांच्या संपादनाखाली निघाला. त्याच्या चौथ्या अध्यायात 108 करणं आहेत. हात कुठे, पाय कुठे, ते श्लोकात सांगितलंय; एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मध्ये काय घडतं ते बहुतेक नाही. ते शिकवणाऱ्याच्या अंगात होतं. पुस्तक हालचाल दाखवत नाही. व्हिडिओ दाखवतो, पण तुमच्याकडे बघत नाही.

मराठी घराला अभिनयाच्या बाबतीत एक देणं लाभलंय आणि त्याची फारशी आठवण कुणी काढत नाही. आज शिकवला जातो तो अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा क्रम ज्या चार भावांनी बांधला, ते तंजावरचे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, तिथले मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातले. त्या सरफोजींनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं लिहिली: सलग एक कथा, सगळ्या रचना एकाच रागात आणि एकाच तालात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती 1958 साली छापली. मुंबईत पार्वतीकुमार यांनी ती शोधून, पुन्हा बसवून रंगमंचावर आणली, आणि पुढे त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर पुण्यातून काम केलं. तेलुगू पदमचा अर्थ वहीत लिहून घेऊन चेहऱ्यावर भाव आणणाऱ्या आपल्या मुलांना, समजणाऱ्या भाषेत अभिनय करता येईल असा हा साठा आहे. वर्गांनी तो सुरुवातीलाच का वापरू नये, मला कळत नाही.

तर मग दांडकं. बडोद्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. सूरसागराच्या काठी, मौलाबख्श यांच्या 1886 च्या गायनशाळेपासून वाढत गेलेली विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. अंजली मेढ, सी. व्ही. चंद्रशेखर यांनी तिथे भरतनाट्यम शिकवलं आणि सुंदरलाल गांगाणी यांनी कथक. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांचे वर्ग शहरात आहेत. रोजचा वर्ग परवडत नसेल, वेळ जुळत नसेल, तर महिन्यातून एकदोनदा तरी जाणत्या माणसापुढे उभं राहावं; बाकीचे दिवस घरी घासावं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा डोळ्यांसमोर ठेवली तर घरच्या सरावाला एक आराखडा मिळतो, पण परीक्षेची घाई लहान मुलांच्या बाबतीत आईबापांनाच जास्त असते.

गुरूला व्हिडिओ पाठवायचा असेल तर दोन पाठवावेत. समोरून सगळेच काढतात. खरं कळतं ते बाजूने, कारण मागे निघालेली कंबर आणि पुढे झुकलेलं धड समोरून लपतं. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, पावलं चौकटीत, आणि बोल स्वतःच्या तोंडाने म्हटलेले. पार्श्वसंगीत लावलं की पायाचा आवाज बुडतो आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. समोर तोंड करून शिकवणाऱ्या शिक्षकाची नक्कल करताना डावं-उजवं उलटं होतं, तेही पाठवण्याआधी एकदा तपासावं.

आणि घुंगरू. बहुतेक घरांत नृत्याच्या नावाने पहिली खरेदी त्यांचीच होते, आणि ती सगळ्यांत शेवटी व्हायला हवी. घुंगरांच्या आवाजात दोन आवाजांचं पाऊलही एक वाटतं. तळव्याचा नुसता, कोरडा फटका तिन्ही कालांत स्वच्छ येईपर्यंत ते कपाटात राहू द्यावेत. तोवर खालच्या मजल्यावरच्यांशी सरावाची वेळही ठरवून घेता येईल. दुपारी दोन ते चार मात्र कुणीच कबूल होत नाही.