पोटापाण्याचे वकील

बोटांत आणि दातांत दोरा धरून भुवया कोरण्याचं काम आपल्याकडे गल्लीतल्या कुठल्याही पार्लरमध्ये चालतं. त्याला रसायन लागत नाही की धारदार हत्यार. भारतीय उपखंडातून गेलेल्या लोकांनी हे कसब टेक्सासमध्ये नेलं आणि त्यावर छोटी छोटी दुकानं उभी केली. २००९च्या सुमारास राज्याच्या परवाना खात्याने या कारागिरांना दंड ठोठावायला सुरुवात केली. त्यांच्याकडे सौंदर्यतज्ज्ञाचा परवाना हवा, असं खात्याचं म्हणणं होतं. तो मिळवायचा तर ७५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागे, आणि त्या ७५० तासांत दोऱ्याचं काम शिकवलंच पाहिजे अशी अट कुठेही नव्हती. आशिष पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोर्टात दाद मागितली. जून २०१५मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही सक्ती राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली.

पटेलांच्या बाजूने उभी होती इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस. चिप मेलर आणि क्लिंट बोलिक या दोन वकिलांनी १९९१मध्ये ही संस्था काढली. तिचं मुख्यालय वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टन गावात आहे. सुरुवातीचा पैसा उद्योगपती चार्ल्स कोक यांचा, आणि हे लपवण्याचं कारण नाही. अशिलाकडून संस्था फी घेत नाही. तिची विचारसरणी लिबर्टेरियन आहे: माणसाच्या जगण्यात सरकारने कमीत कमी हात घालावा, आणि हात घालायचाच असेल तर कारण सरकारने द्यावं, माणसाने नव्हे.

पहिला खटला आफ्रिकन पद्धतीने केसांच्या बारीक वेण्या घालणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या तालिबदीन उक्दाह यांचा होता. तिथेही परवान्याचाच प्रश्न होता. कोर्टात ते हरले, पण गवगवा इतका झाला की शहराच्या कारभाऱ्यांनी नियमच बदलला. कोर्ट आणि लोकमत या दोन्ही आघाड्या एकदम लढवायची संस्थेची पद्धत तेव्हापासूनची आहे.

कोर्टातली आघाडी अवघड का, हे समजून घ्यायला हवं. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी न्यायालयांनी आर्थिक नियमांची कडक तपासणी करणं सोडून दिलं. १९५५च्या ली ऑप्टिकल खटल्यात तर असं ठरलं, की कायद्यामागे एखादं सयुक्तिक कारण कल्पिता आलं तरी पुरे. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आली की कोर्ट डोळ्यांत तेल घालून बघतं. रोजीरोटीवर आली की विधिमंडळावर सोडून देतं. या दुजाभावाविरुद्ध ही संस्था तीन दशकांहून अधिक काळ झगडते आहे.

लुइझियानातल्या सेंट जोसेफ मठाचं प्रकरण घ्या. २००५च्या कतरिना वादळात मठाच्या मालकीची झाडं पडली, तिथून मिळणारं उत्पन्न गेलं. साधू साध्या लाकडी शवपेट्या बनवून विकू लागले. राज्याचा कायदा मात्र सांगत होता, की शवपेटी परवानाधारक अंत्यविधी व्यावसायिकानेच विकावी. म्हणजे पेटी विकण्यासाठी मठाने मृतदेह जतन करण्याची सामग्रीसुद्धा बाळगायची. परवाने देणाऱ्या मंडळावर बहुतांश त्याच धंद्यातले लोक. २०१३मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बजावलं, की धंदेवाल्यांच्या एका गटाला स्पर्धेपासून वाचवणं एवढाच हेतू असेल तर तो कायदेशीर हेतू होऊ शकत नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. शेतकरी संघटनेच्या काळात शरद जोशींनी झोनबंदीविरुद्ध आणि कापूस एकाधिकार खरेदीविरुद्ध जे मांडलं, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

संस्थेचा सर्वांत गाजलेला खटला मात्र हरलेला आहे. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने फोर्ट ट्रंबुल वस्तीतली घरं विकासासाठी संपादन करायला घेतली. शेजारी फायझर कंपनीचं संशोधन केंद्र येत होतं. त्याच्या आधाराने कराचं उत्पन्न वाढेल, नोकऱ्या येतील, हा हिशोब. सुझेट केलो यांनी १९९७मध्ये तिथे छोटं घर घेतलं होतं. विल्हेल्मिना डेरी तर १९१८मध्ये त्याच वस्तीतल्या आपल्या घरात जन्मल्या आणि आयुष्यभर तिथेच राहिल्या. घरं मोडकळीला आली होती असा कुणाचा दावाही नव्हता. जून २००५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने कौल दिला: आर्थिक विकास हाही ‘सार्वजनिक उपयोग’. देशभर संताप उसळला आणि चाळीसहून अधिक राज्यांनी भूसंपादनाचे कायदे बदलले, काहींनी मनापासून, काहींनी वरवर. केलोंचं घर उचलून शहरात दुसरीकडे नेण्यात आलं. २००९मध्ये फायझरने न्यू लंडन सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि ज्या जमिनीसाठी लोकांना उठवलं ती वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिली.

संस्थेने जिंकलेला आणखी एक खटला इंडियानाच्या टायसन टिम्ब्सचा. त्याने थोडंसं हेरॉइन विकलं. गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. पण वडिलांच्या विम्याच्या पैशातून ४२,००० डॉलरला घेतलेली त्याची गाडीही राज्याने जप्त केली. त्या गुन्ह्याला कमाल दंड होता १०,००० डॉलर. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं, की अवाजवी दंडाला असलेली घटनेची मनाई राज्यांनाही लागू आहे. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं होतं, लिबर्टेरियन गोटातल्या कुणाचं नव्हे.

या संस्थेचं सगळंच मला पटत नाही. सार्वजनिक पैसा खासगी आणि धार्मिक शाळांकडे वळवणाऱ्या योजनांसाठी तिने लढे दिले आणि जिंकले. त्याने सरकारी शाळा दुबळ्या होतात असं मी मानतो. शिवाय १९०५च्या लॉखनर खटल्याची आठवण पुसता येत नाही. बेकरी कामगाराला आठवड्यात साठ तासांपेक्षा जास्त राबवू नये हा न्यूयॉर्कचा कायदा तेव्हा याच आर्थिक स्वातंत्र्याच्या नावाने रद्द झाला होता. कामगाराचं रक्षण करणारा नियम आणि प्रस्थापिताचा गल्ला राखणारा नियम यांत फरक करता आलाच पाहिजे. तो करण्यासाठी नियमामागचा पुरावा तपासणारा न्यायाधीश हवा, आणि एवढी मागणी मला रास्त वाटते.

संस्थेचं जुनं उद्दिष्ट आहे ते १८७३चा स्लॉटरहाउस निकाल उलटवण्याचं. न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांनी एका कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दाद मागितली होती, आणि पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. चौदाव्या घटनादुरुस्तीतलं नागरिकांच्या विशेषाधिकारांचं कलम त्या दिवसापासून जवळजवळ निष्प्राण आहे. टिम्ब्स खटल्यात न्यायमूर्ती थॉमस यांनी निकाल याच कलमावर आधारायला हवा होता असं लिहिलं, गोर्सच यांनीही तसं सूचित केलं. बाकीचे सात त्या वाटेने गेले नाहीत.