आईची हाक

बहिणीच्या लग्नाची १९८९ सालची कॅसेट संगणकात उतरवायला बसलो. व्हीसीआरच्या पाठीमागे तीन वायरी : पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या एका छोट्या डबीत खोचायच्या, डबी संगणकाला जोडायची. फितीवरच्या लहरींचे ती आकडे करते. बँकेत आयुष्य गेल्याने आकडे झटपट उरकायची मला सवय. इथे ती चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. आता जुनी यंत्रे आधी मोडतात की फितींना आधी बुरशी लागते, एवढाच प्रश्न.

दुसऱ्या तासाला, पंगतीच्या गलक्यात, आई मला जेवायला हाक मारताना ऐकू आली. त्या दिवशी मी ‘आलोच’ म्हणालो होतो. गेलो नव्हतो.