कचऱ्याचे मोल गल्लीतच ठरते

पुणे शहरात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. त्याचे करायचे काय, हा विषय निघाला की चर्चा हटकून शेवटच्या टोकाला जाऊन बसते. डेपोला जागा कुठे, प्रकल्प कुणाच्या उशाला, निविदा कुणाला? तज्ज्ञ यावर बोलतात, पुढारी भांडतात, न्यायालये निकाल देतात. माझे म्हणणे असे, की तोवर फार उशीर झालेला असतो. कचऱ्यातले काय कामी येणार आणि काय सडणार, हे स्वयंपाकघराच्या ओट्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंतच्या दोन-तीनशे पावलांत ठरून जाते. पुढे कितीही मोठे यंत्र बसवा, तो निकाल फिरत नाही. पैसा मात्र भरपूर जातो.

हे समजण्यासाठी सुका कचरा निवडणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहावे. सोसायटीच्या फाटकाशी गोणपाट पसरून ती जे करते, ते सराफाच्या पेढीवरच्या पारखीपेक्षा कमी बारकाईचे नसते. दुधाची पिशवी एकीकडे, शाम्पूची कडक बाटली दुसरीकडे. पाण्याची पारदर्शक बाटली वेगळी आणि तिचे झाकण त्याहून वेगळे, कारण दोन्हींचे प्लास्टिक एक नाही. वहीचा पांढरा कागद, वर्तमानपत्राची रद्दी आणि खोक्याचा पुठ्ठा यांना भंगारवाला वेगवेगळा भाव देतो. आता याच ढिगात रात्रीच्या आमटीची पिशवी फुटली, तर पुठ्ठा भिजतो आणि भंगारवाला ओलाव्याचे वजन कापतो, नाही तर घेतच नाही. तेलकट झालेल्या कागदाचा चांगला लगदा होत नाही, म्हणून कागद गिरणीला तो नको असतो. उलट बाजूने, भाजीच्या देठांत काचेचा एक तुकडा किंवा घड्याळाची जुनी बॅटरी पडली, की त्या ओल्या कचऱ्याचे खत शेतकरी हातात धरणार नाही. दोन चांगल्या गोष्टी एकत्र करून दोन्ही वाया घालवण्याचे काम एका पिशवीत, एका मिनिटात होते. त्या पुन्हा वेगळ्या करायला माणूस लागतो, आणि त्याला ते उघड्या हाताने करावे लागते.

आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. तो ढिगाखाली हवेविना दबला की कुजताना मिथेन सोडतो, आणि त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. डेपोंना आगी लागतात आणि विहिरी नासतात त्या यामुळेच. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडत असे; आज तिथे वनाझचा मेट्रो डेपो उभा आहे. कोथरूडभोवती शहर वाढले, तसा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात गेला. तिथल्या १६३ एकरांवर डोंगर उभे राहिले आणि गावकऱ्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर गावाने गाड्या अडवल्या आणि तीन आठवडे शहराचा जीव टांगणीला लागला. त्या दिवसांत पुणेकरांना कचऱ्याच्या वासाची जी चुणूक मिळाली, ती फुरसुंगीकरांनी वर्षानुवर्षे घेतली होती. विशेष म्हणजे त्या ढिगांतला मोठा वाटा भाजीच्या सालींचा आणि शिळ्या अन्नाचा, म्हणजे गल्लीतच जिरवता येण्याजोगा होता.

यावर ठरलेले उत्तर येते, की तंत्रज्ञान पुढे गेले आहे, कचऱ्यापासून वीज करा आणि मोकळे व्हा. पुण्याने हेही करून पाहिले आहे. रामटेकडीला ७०० टन क्षमतेचा प्रकल्प मोठ्या गाजावाजाने उभा राहिला. ठरलेल्या प्रमाणात वीज त्यातून मिळाली नाही. कारण साधे आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ज्या कचऱ्यापासून ऊर्जा करावी असे म्हटले, त्याचे उष्मांक मूल्य किलोमागे किमान १५०० किलोकॅलरी असावे लागते. आपला मिश्र कचरा इतका ओला, की जाळताना बरीचशी उष्णता त्यातले पाणी आटवण्यातच खर्च होते. मग इंदूरचा दाखला दिला जातो, आणि तो द्यावाच. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत वर्षानुवर्षे पहिले आलेल्या या शहरात २०२२ साली ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. पण तो चालतो घरातूनच वेगळा होऊन येणाऱ्या ओल्या कचऱ्यावर. इंदूरने आधी दारातले वर्गीकरण पक्के केले, यंत्र नंतर आणले. आपण दाखला यंत्राचा देतो आणि दाराचे विसरतो.

दारातल्या कामासाठी लागणारी माणसे पुण्याकडे इतर शहरांच्या कितीतरी आधीपासून होती. मे १९९३ मध्ये बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेने तिच्याशी करार केला. आज तिचे साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, बहुतांश स्त्रिया, आठ लाखांहून अधिक मिळकतींतून कचरा गोळा करतात. कचराकुंडीत हात घालणारी बाई आता दारात येऊन घंटी वाजवते. कात्रज प्रभागात २०११ च्या सुमारास महापालिका, जनवाणी संस्था, कमिन्स कंपनी आणि या कचरावेचकांनी मिळून ‘शून्य कचरा’ प्रयोग केला. घरोघरी जाऊन बोलणे, ओल्या कचऱ्याला प्रभागातलाच बायोगॅस प्रकल्प, सुक्याला भंगाराची वाट, अशी त्याची साधी रचना होती. त्यात सर्वांत महत्त्वाचे मला वाटते ते हे, की कोणत्या इमारतीतून कचरा मिसळून येतो हे ठाऊक असलेले माणूस त्या भागात रोज फिरत होते. शहराच्या पातळीवर ही माहिती कुणाकडेच नसते.

‘आम्ही वेगळा करतो, पण गाडीवाला सगळा एकत्र टाकतो’ ही तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाही. कित्येक ठिकाणी ती खरी आहे, आणि एकदा डोळ्यांनी पाहिले की माणसाचा उत्साह मावळतो तो मावळतोच. पण असे का होते, हे पाहायला हवे. ज्याला खेपेवर किंवा टनावर पैसे मिळतात, त्याला कचरा कमी होण्यात किंवा वेगळा राहण्यात काय रस असणार? उलट जिच्या घरचा खर्च सुक्या कचऱ्याच्या विक्रीवर चालतो, तिला मिसळलेला कचरा परवडतच नाही. वर्गीकरण टिकवायचे तर ते उचलणाऱ्याच्या खिशाशी जोडलेले असले पाहिजे. घंटागाडीवर नुसते दोन कप्पे रंगवून हे होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. मिळकतकर भरतो, मग कचरा नेणाऱ्या ताईंना महिन्याला वेगळे पैसे का द्यायचे? पण कर भरल्यावरही विजेचे बिल येतेच की. शंभरीच्या आतबाहेरची ती रक्कम थेट काम करणाऱ्याच्या हातात पडते. मात्र हा आक्षेप वस्तीतून आला तर त्याला वजन आहे. दहा बाय दहाच्या खोलीत दोन डबे ठेवायला जागा नसते आणि कमाई रोजची असते. तिथला खर्च महापालिकेनेच उचलायला हवा. बंगल्याला आणि वस्तीला एकच नियम लावून समानता होत नाही. ज्यांना जमते त्यांना सवलतही आहे. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक केले तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूट देते, दोन केली तर १० टक्के.

तिसरी तक्रार वासाची, आणि ती थेट कोर्टापर्यंत जाते. बाणेरचा ओल्या कचऱ्याचा प्रकल्प रहिवाशांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित लवादाने २०२० साली बंद करायला सांगितला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याचा वाद मिटला, तरी नाकाचा वाद असा मिटत नसतो. जवळचा प्रकल्प म्हणजे दुर्गंध, हे समीकरण लोकांनी उगाच केलेले नाही. वाईट चाललेले प्रकल्प त्यांनी पाहिले आहेत. पण सोसायटीतल्या खतखड्ड्याला वास येतो तो बहुतेक वेळा एकाच चुकीने. ओले फार, कोरडे काहीच नाही. हवा अडते आणि कचरा कुजण्याऐवजी आंबतो. नायट्रोजनच्या मानाने तीसेक पट कार्बन मिळाला की जिवाणू काम नीट करतात, आणि तो कार्बन पुण्याच्या प्रत्येक झाडाखाली फुकट पडलेला असतो. गंमत अशी, की तीच वाळलेली पाने आपण हिवाळ्यात कोपऱ्यावर जाळतो आणि आत खतखड्डा पानांवाचून घाण करून घेतो. खत नको असेल तर गॅस आहे. पुण्याच्याच आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उरल्यासुरल्या अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र बनवले आणि त्याला २००६ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे २०१६ च्या नियमांत लिहिलेले होते. बिल्डरने दिलेले खताचे यंत्र कुलपात आणि खड्ड्याच्या जागेवर पार्किंग, हे दृश्य मात्र नियमांत नव्हते.

गल्लीला जमणार नाही असेही पुष्कळ आहे. वेफर्सचे पाकीट प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवून बनते. ते कितीही नीट वेगळे केले तरी भंगाराच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर हाताळणे तर कचरावेचकांच्या आरोग्याशी खेळ आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून लाल ठिपका काढा, एवढे त्या घराघरांत सांगत राहिल्या. २०१३ साली तर त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवून दिल्या. तीन वर्षांनी आलेल्या नियमांत, प्रत्येक पॅड आणि डायपरसोबत टाकण्यासाठीचे वेष्टन उत्पादकांनी द्यावे, असे कलम आले. डायपरच्या बहुतेक पाकिटांत अशी वेगळी पिशवी अजून दिसत नाही. या कंपन्यांना जाब विचारण्याचे बळ एकट्या सोसायटीच्या अंगी नसते. महापालिकेच्या अंगी असते, आणि तिने ते वापरल्याचे फारसे दिसलेले नाही.