उसाच्या ट्रॉलीवरचा रंगमंच

मिरवणुकीला आठवडा होत आला तरी बेळगावातल्या चहाच्या टपऱ्यांवर विषय तोच. कुठल्या मंडळाचा चित्ररथ कुठल्या चौकात अडकला, पोलिसांनी कुणाचा आवाज बंद करायला लावला, आणि पहाटे महाराजांच्या वेशातला पोरगा सिंहासनावर बसल्या बसल्या कसा पेंगत होता. वेळ आणि डॉल्बी या दोन वादांवर पुष्कळ लिहून झालं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत ‘या सुट्टीत काय पाहाल’ अशा लांबलचक याद्या येतात. बेळगावसाठी तशी यादी करायला घेतली, तर पहिलं नाव शिवजयंतीच्या चित्ररथांचं घालावं लागेल. एवढा मोठा नाट्यप्रयोग या शहरातल्या कुठल्याच नाट्यगृहात होत नाही.

बाहेरचे पाहुणे पहिल्यांदा विचारतात ते तारखेचं. महाराष्ट्रात 19 फेब्रुवारीला जयंती होऊन गेलेली असते. मग हे लोक वैशाख शुद्ध द्वितीया धरून का बसलेत? यातली गंमत अशी, की 19 फेब्रुवारीमागची फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही नोंद असलेली जेधे शकावली लोकांपुढे आणली लोकमान्य टिळकांनीच, 1916 साली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली, ती बेळगावातच. म्हणजे नव्या तिथीचा कागदही टिळकांचा आणि आमचं उन्हाळ्यातलं राजकारणही टिळकांचंच. बेळगावने राजकारण ठेवून घेतलं, तिथी मात्र जुनीच ठेवली.

हा सीमाभागाचा हट्ट आहे, असं सांगितलं जातं. हट्ट आहेच, नाही कशाला म्हणू? 1946च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून हट्ट हा आमच्या हवेचाच भाग आहे. पण मला आणखी एक कारण दिसतं, आणि ते इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. ते कारण म्हणजे ट्रॉली.

मी काकतीचा. आमच्या गावात मार्कंडेय साखर कारखाना आहे. फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असतो आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिवसरात्र महामार्गावर असतात. त्या दिवसांत कुणाकडे एका रात्रीसाठी रिकामी ट्रॉली मागून बघा. वैशाख लागेपर्यंत ऊस संपतो, ट्रॉल्या अंगणात उभ्या राहतात. भाताची धूळवाफ पेरणी रोहिणी नक्षत्राच्या आसपास, त्यालाही अजून अवकाश असतो. पोरांच्या परीक्षा संपलेल्या, माहेरवाशिणी आलेल्या, लग्नाला आलेले पैपाहुणे अजून परतलेले नाहीत. चित्ररथाला लागतं ते सगळं, म्हणजे वाहन, रिकामा वेळ, हौशी नट आणि रात्रभर जागणारा प्रेक्षक, एकाच पंधरवड्यात मिळतं. फेब्रुवारीत यातलं निम्मंही मिळणार नाही. तिथी निवडताना कुणी ट्रॉलीचा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण ती टिकली, त्यात ट्रॉलीचा वाटा आहे.

या पंधरवड्याची एकच खोड आहे, वळीव. अडीच हजार फुटांवरच्या आमच्या ‘गरिबांच्या महाबळेश्वरात’ दुपारभर घामाच्या धारा आणि संध्याकाळी काळं आभाळ. थर्माकोलच्या बुरुजाला रंग देऊन झालेला असतो आणि नेमका तेव्हाच वारा सुटतो. मग अख्खी गल्ली ताडपत्री घेऊन धावते. ताडपत्रीखाली अफजलखान आणि महाराज एकाच सिगारेटचे झुरके घेताना मी पाहिलेत.

आता प्रयोगाबद्दल. नरगुंदकर भावे चौकातून मिरवणूक सुटते आणि गल्ल्या पार करत, रात्र ओलांडून कपिलेश्वरापर्यंत येते. एकेका ट्रॉलीवर एक प्रसंग: आग्र्याचे पेटारे, शाहिस्तेखानाची बोटं, पन्हाळ्याचा वेढा, राज्याभिषेक. नट जिवंत, पण आवाज त्यांचा नाही. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि ट्रॉलीवरची मंडळी त्या आवाजावर ओठ आणि हात हलवतात. मला या सगळ्या प्रकारातली सर्वात मोठी कला तिथे वाटते. एक तर जागा जेमतेम दहा-बारा फुटांची. त्यात तोफ, बुरूज, घोडा आणि आठ माणसं. समोर पाच मिनिटं थांबणारा आणि मुळीच शांत नसलेला प्रेक्षक. मागे जनित्राची धडधड. अशा ठिकाणी चेहऱ्यावरचा बारीक अभिनय कुणाला दिसणार? म्हणून सगळा भार आवाजावर. संवाद छोटे हवेत, शब्दाशब्दात सुटे, आणि ‘महाराज’ या हाकेनंतर दोन क्षण मोकळे, कारण तेवढ्यात लोक घोषणा देणार हे ध्वनिमुद्रणाच्या वेळीच धरलेलं असतं. प्रेक्षकाच्या प्रतिसादाची जागा फितीतच कोरून ठेवणारं हे नाट्यशास्त्र भरतमुनींनाही सुचलं नसतं.

लहानपणी रामलिंगखिंड गल्लीतल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मी एकच आवाज दोन ट्रॉल्यांवर ओळखला होता. पहिल्या ट्रॉलीवर तो शिवाजी महाराज होता, अर्ध्या तासाने आलेल्या ट्रॉलीवर तोच औरंगजेब. मला फसवल्यासारखं वाटून रडू आलं होतं. आज वाटतं, काय ताकदीचा माणूस असेल तो! त्याचं नाव कुठल्याच फलकावर नव्हतं. फलकांवर नेते होते. अजूनही तेच असतात.

आणि हाच आवाज आता मरायला टेकला आहे. पुढच्या ट्रॉलीवर डॉल्बीच्या भिंती रचल्या, की मागच्या ट्रॉलीवरच्या जिजाऊंचं एक वाक्य ऐकू येईल तर शपथ. पोलीस डेसिबल मोजतात, ते ठीकच. पण कानाच्या पडद्यांइतकाच प्रश्न नाटकाच्या पडद्याचाही आहे. काही मंडळं आता प्रसंग बसवतच नाहीत. मूर्ती, लेझरचे झोत आणि गाणी, झाला चित्ररथ. जी बसवतात ती परीक्षकांच्या व्यासपीठापुढे पूर्ण प्रयोग करतात आणि पुढच्या गल्लीत नुसतं मुजरा करून सटकतात. पायरीवर तीन तास ताटकळलेल्या आजीने काय पाहायचं? मला विचाराल तर बक्षिसाचे निम्मे गुण परीक्षकांनी साध्या कपड्यांत, गल्लीतल्या पायरीवर बसून द्यावेत.

या मातीत नाटक उगवतं हे नव्याने सांगायला नको. ‘संगीत शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व जन्मले ते शहराजवळच्या सुळेभावीत. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण सांगलीला विष्णुदास भाव्यांपाशी 1843 साली मानतो, पण भाव्यांना नाटक रचायला सांगण्याआधी सांगलीच्या राजांनी पाहिला होता तो कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ. त्याच जातीचं श्रीकृष्ण पारिजात गोकाकच्या बाजूला कन्नडमध्ये अजून रंगतं. खेळ एका भाषेतून दुसरीत सहज जातो. अडतात ती माणसं. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत असताना त्यांना भेटलेले ‘गणगोत’मधले रावसाहेब आठवा. कन्नड हेलातली त्यांची मराठी हीच बेळगावची खरी राजभाषा.

म्हणून द्वितीयेनंतरची तृतीया मला फार महत्त्वाची वाटते. अक्षय तृतीयेला बसवजयंती असते. लागोपाठ दोन दिवस, दोन जयंत्या, दोन भाषा, आणि बंदोबस्त एकच. या जवळिकीकडे आपण दरवर्षी फक्त पोलिसांच्या नजरेतून बघतो. वास्तविक दोन्हींना पुरेल असा प्रसंग जिल्ह्यातच पडून आहे. दक्षिण दिग्विजयाहून परतताना 1678च्या सुमारास मराठी फौजेला बैलहोंगल भागातल्या बेळवडीच्या मल्लम्माने झुंजवलं. तिचा पराभव झाल्यावर महाराजांनी तिला सन्मानाने वागवलं. धारवाडजवळ यादवाडला या प्रसंगाचं म्हणून एक शिल्प दाखवतात. महाराज मराठीत बोलतील, मल्लम्मा कन्नडमध्ये, आणि बेळगावातल्या एकाही प्रेक्षकाला भाषांतर लागणार नाही. एखाद्या मंडळाने केव्हातरी हा देखावा केलाही असेल. मी तरी रस्त्यावर पाहिलेला नाही. आग्र्याचे पेटारे मात्र एका रात्रीत चार वेळा पाहिलेत.

आमच्या काकतीची लेक राणी चन्नम्मा हिच्या वाट्याला ऑक्टोबरातला कित्तूरचा सरकारी उत्सव आला. मंडप, मानधन, मंत्री सगळं असतं. वैशाखातली ट्रॉली तिला मिळालेली नाही. दोघी राण्या, दोघी कन्नड, दोघी याच जिल्ह्याच्या.

तेव्हा मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगणं एवढंच: पुढच्या वर्षी मल्लम्मा बसवा. आवाज द्यायला दोन्ही भाषांतली माणसं शोधा आणि त्यांची नावं फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. ट्रॉली आम्ही काकतीकर देऊ. तोवर ऊस संपलेला असतो.