चार मीटरची सावली

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बुलढाण्यात थंडी चांगलीच पडली होती आणि मी गोधडीत शिरायच्या बेतात होतो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे माझी भाची. ती इंग्लंडात मँचेस्टरला शिकायला गेली आहे.

"मामा, इथं आत्ता दुपारचे चार वाजले अन् सूर्य बुडाला पण! रस्त्यावरचे दिवे लागले. काहून असं?"

इकडे साडेनऊ आणि तिकडे चार, हे तिला ठाऊक होतं. हिवाळ्यात आपलं घड्याळ इंग्लंडच्या पुढे साडेपाच तास चालतं. तिला कोडं पडलं होतं ते वेगळंच. शाळा सुटायच्या वेळेला सूर्य घरी जातोच कसा?

मी तिला विचारलं, "घरात भोपळा आहे का?" तिच्याकडे नव्हता, पण तुमच्या घरी असेल. आईला विचारून घ्या. गोल, डांगराच्या जातीचा. त्याच्या देठाकडून आरपार एक विणायची सुई घाला. झाली पृथ्वी तयार. आता खोलीत अंधार करा, समोर एक दिवा ठेवा आणि सुई जरा कलती धरून भोपळा फिरवा. पृथ्वी अशीच साडेतेवीस अंश कलून फिरते. वरचं टोक दिव्यापासून दूर कललं, की भोपळ्याच्या वरच्या भागातलं गाव उजेडात थोडाच वेळ राहतं आणि अंधारात बराच वेळ. मधल्या फुगीर भागातल्या गावाला मात्र फारसा फरक पडत नाही.

बुलढाणा विषुववृत्तापासून साडेवीस अंशांवर आहे, म्हणजे फुगीर भागाजवळ. मँचेस्टर साडेत्रेपन्न अंशांवर, म्हणजे भोपळ्याच्या पार खांद्यावर. म्हणून २१ डिसेंबरला आपला दिवस जवळजवळ अकरा तासांचा आणि मँचेस्टरचा साडेसात तासांचा. सकाळी सव्वाआठनंतर सूर्य उगवायचा आणि चारच्या आत मावळायचा. आणि जूनमध्ये? तिथे रात्री पावणेदहापर्यंत सूर्य आकाशात असतो. आपला मात्र हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास बुडतो आणि उन्हाळ्यात सातनंतर. सव्वा तासाचा काय तो फरक. आपल्या सूर्याचं वेळापत्रक किती शिस्तीचं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट जाणवलं.

आपल्या जिल्ह्यातून इतक्या दूर शिकायला जाणारी माझी भाची काही पहिली नाही. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे शेतकऱ्याच्या घरात वाढले. ते २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस या विद्यापीठात शिकायला गेले. जिल्ह्याबाहेर पाहिलं, तर त्यांच्या कितीतरी आधी, १८८९ साली, रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेल्या आणि १८९४ मध्ये शिकून परत आल्या. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात राहत आणि ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसत. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. या सगळ्यांनी तिथला हाच चार वाजताचा अंधार पाहिला असणार. मला त्यांच्या पुस्तकांइतकंच त्या अंधाराबद्दल कुतूहल वाटतं. घरापासून इतक्या लांब, खिडकीबाहेर काळोख, आणि समोर उघडं पुस्तक!

भाचीचे फोन मग येतच राहिले. दर वेळी एक नवं कोडं.

"मामा, इथले लोक भेटले की आधी हवेवरच बोलतात. ओळख नसली तरी बसथांब्यावर म्हणतात, आज जरा बरं आहे नाही?"

मी म्हटलं, आपण 'जेवण झालं का?' विचारतो, तसंच हे. पण यामागेही आकाशच आहे. तुम्हाला एक चकित करणारी गोष्ट सांगतो. मँचेस्टरमध्ये वर्षाला पडणारा पाऊस आणि बुलढाण्यात पडणारा पाऊस यांत फार फरक नाही. दोन्हीकडे साधारण आठशे मिलिमीटरच्या आसपास! पण आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात धो धो कोसळून मोकळा होतो. तिकडे तोच पाऊस बाराही महिन्यांत थोडाथोडा झिरपतो. वर्षातले दीडशे-एक दिवस तरी पावसाचे. पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे, तिकडून ओलं वारं सतत येतं आणि पेनाइन नावाच्या डोंगररांगेला अडून वर चढतं. वर चढलं की गार होतं, गार झालं की पाणी सोडतं. आपल्या सह्याद्रीवर होतं, अगदी तसंच. सकाळी ऊन, दहाला भुरभुर, बाराला पुन्हा ऊन. असं आभाळ रोज डोक्यावर असेल तर माणसं दुसरं काय बोलतील? मे महिन्यात आपल्याला 'आज हवा कशी?' विचारायची गरजच नसते. कालच्यासारखीच!

दुसरं कोडं कपड्यांचं होतं. "धुतलेला टॉवेल दोन दिवस झाले तरी ओलाच आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. घरात भिंतीला लावलेल्या गरम पाण्याच्या रेडिएटरवर सगळे कपडे वाळत घालतात, म्हणे. आपल्या गच्चीवर मे महिन्यात चादर टाकली तर दुसरी पिळून होईस्तोवर पहिली कडक होते.

हवेला एक घागर समजा. गरम हवेची घागर मोठी, थंड हवेची लहान. चाळीस अंश तापलेल्या एक घनमीटर हवेत जवळजवळ पन्नास ग्रॅम वाफ मावते. पाच अंशांच्या हवेत जेमतेम सात ग्रॅम. इंग्लंडातल्या हिवाळ्यात ही लहानगी घागर आधीच भरत आलेली असते. टॉवेलातलं पाणी जाणार कुठे? तोंडातून श्वास सोडला की धूर दिसतो, तोही याचमुळे. तुमच्या गरम श्वासातली वाफ बाहेरच्या छोट्या घागरीत मावत नाही आणि थेंब होऊन उडते. आपल्याकडे घाटातल्या गावी पहाटे हे करून बघता येतं.

आता सगळ्यात सुंदर गोष्ट. या ओल्या हवेचा आणि आपल्या वऱ्हाडाचा जुना संबंध आहे.

माझी आजी कापसाच्या वाती वळायची तेव्हा मधूनमधून बोटं किंचित ओली करायची. कोरड्या बोटांनी कापूस नुसता फुलतो, इकडेतिकडे उडतो आणि पीळ सुटतो. ओलसर बोट लागलं की तंतू एकमेकांना धरून बसतात. आजी कधी विज्ञान शिकली नव्हती, पण तिच्या बोटांना ठाऊक होतं. कापसाचा तंतू ओला झाला की अधिक मजबूत होतो, आणि दमट हवेत त्याच्यावर स्थिर विजेचा भारही कमी साठतो. मँचेस्टरच्या आजूबाजूला सूतगिरण्या एवढ्या भराभर उभ्या राहिल्या, त्याची कारणं अनेक. जवळ कोळसा होता, वाहतं पाणी होतं, लिव्हरपूलचं बंदर होतं. पण ती ओलसर हवाही एक कारण होती. आजीची ओली बोटं तिथे आभाळालाच लाभलेली!

आणि तिथे कापूस कुठून जायचा? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस येईना, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. वऱ्हाडाच्या कापसाचा भाव वधारला. आपलं खामगाव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजलं. बैलगाड्यांच्या रांगा लागत. १८७० साली जलंब ते खामगाव ही लहानशी रेल्वे झाली, तेव्हा तिच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगावचा कापूस रेल्वेने मुंबईला, जहाजाने लिव्हरपूलला आणि तिथून पुन्हा रेल्वेने मँचेस्टरला! आपल्या देशी कापसाचा धागा मात्र आखूड. लांब धाग्याच्या अमेरिकी कापसासाठी बनवलेल्या यंत्रांवर तो सारखा तुटायचा आणि तिथले कामगार वैतागायचे. धागा तुटू नये म्हणून काही मालक विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. त्या कोंदट वाफेत माणसांचे हाल इतके होत, की १८८९ साली हवेतल्या ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदाच करावा लागला. कापसाला मानवणारी हवा माणसाला मानवेलच असं नाही.

भाची मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात गेली. ते १८३० च्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या जागेवर आहे. तिथली जुनी कापडाची यंत्रं बघून तिने फोन केला. आवाज वेगळाच लागला होता. "मामा, इथे आपलं काहीतरी येऊन गेलंय, असं वाटलं." मला पण भरून आलं.

मग उन्हाळा आला आणि नवं कोडं. ऊन पडलं रे पडलं, की तिथे माणसं बागेत गवतावर पसरतात. आपण उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळतो, सावली शोधतो. ही माणसं ऊन का शोधतात? ऐन हिवाळ्यात तिथला सूर्य दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर असतो. इतक्या तिरप्या किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावं लागतं. त्यात अतिनील किरण गळून जातात, आणि त्यांच्याशिवाय आपली कातडी ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही. म्हणून हिवाळ्यात तिथे सगळ्यांनाच ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायचा सल्ला देतात. सहा महिने उन्हाला मुकलेला माणूस ऊन दिसताच धावणारच. त्यांच्याकडे बघून हसू नका, असं मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "हसते कुठं? मीपण लोळतेय!"

सूर्य किती वर आहे हे मोजायला दुर्बीण लागत नाही, एक काठी पुरते. बरोबर एक मीटर लांबीची काठी अंगणात सरळ उभी करा आणि भर दुपारी तिची सावली मोजा. बुलढाण्याची खरी दुपार घड्याळात बारा वाजता होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून सूर्य साधारण पंचवीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. २३ मेच्या आसपास बारा वीसच्या सुमारास तर काठीची सावली नाहीशीच होते! पायाशी गोळा होऊन जाते. जुलैच्या २० तारखेच्या आसपास पुन्हा तेच होतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. इंग्लंडातल्या एकाही मुलाला हा चमत्कार त्याच्या अंगणात कधीच दिसत नाही.

आम्ही मामा-भाचीने त्याच हिवाळ्यात हा प्रयोग दोन्हीकडे करून पाहिला होता. ठरलं होतं २१ डिसेंबर. मी गच्चीवर काठी लावली. सावली भरली ९६ सेंटिमीटर, म्हणजे काठीपेक्षा दोन बोटं कमी. तिकडे दोन दिवस ढग हटेनात. २३ तारखेला तिथल्या दुपारी सूर्य दहा-एक मिनिटं बाहेर आला. तेवढ्यात ती काठी आणि तीन मीटरची टेप घेऊन मैदानात धावली. टेप संपली तरी सावली पुढे चाललीच होती. उरलेली तिने गारठलेल्या हाताने वितींनी मोजली आणि धापा टाकत फोन केला, "मामा, सव्वाचार मीटरच्या वर आहे, अन् तिचं टोक पार चिखलात गेलंय!"